ऑईल फिल्टरची टोपी जाम झाली, नट गोल झाला : काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पाना लावला, जोर केला, तरी टोपी जागची हलत नाही. किंवा पाना फिरतो पण टोपी फिरत नाही, कारण वरचा षटकोनी नट झिजून गोल झालेला असतो. किंवा टोपी नुसतीच फिरत राहते आणि वर येत नाही. काही गाड्यांत टोपी निघते आणि बसतेही, पण मागच्या सर्व्हिसिंगपासून तिच्या कडेला ऑईल पाझरतं, त्यावर धूळ बसून काळा चिखल होतो आणि लांबून येऊन गाडी उभी केली की बॉनेटमधून जळक्या ऑईलचा वास येतो. कधी प्लास्टिकच्या टोपीवर बारीक चीर दिसते.

मी नागपूर-हैदराबाद रस्त्यालगत, पांढरकवड्याच्या बाजूला गॅरेज चालवतो. माझ्याकडे हा प्रकार सारखा येतो. दसऱ्याच्या सुमाराला जरा जास्तच, कारण कापूस वेचणीच्या धावपळीआधी लोक गाडीचं ऑईल बदलून घेतात आणि पुष्कळ जण ते घरीच बदलतात. घरी बदलायला काही हरकत नाही, काम सोपं आहे. पण टोपी अडली की पुढच्या दहा मिनिटांत काय केलं यावर सगळं ठरतं. काम एका रबरी रिंगवर भागतं, नाहीतर फिल्टर ज्यात बसतो ते आख्खं हाऊसिंग बदलायची पाळी येते.

चेंबरचा नट आधी खोलू नका

यात एक पैसाही खर्च होत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो. बहुतेक लोक गाडीखाली जाऊन चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या बुडातल्या ऑईलच्या भांड्याचा, नट खोलतात, जुनं ऑईल काढून टाकतात आणि मग फिल्टरकडे वळतात. मग फिल्टर निघत नाही. आता गाडीत ऑईल नाही, फिल्टर अडकलेला, आणि गॅरेज वीस किलोमीटरवर. टोचन लावून गाडी आणावी लागते.

उलटं करा. आधी फिल्टरची टोपी सैल होते का ते पहा. नट न बिघडवता ती थोडी जरी हलली, तरच खालून ऑईल काढा. हलली नाही तर गाडीत जुनं ऑईल शाबूत आहे, तुम्ही चालवत गॅरेजपर्यंत येऊ शकता. एकदा टोपी सैल झाली, तर मात्र काम पूर्ण होईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही.

तुमच्या गाडीत काय आहे?

फिल्टर दोन प्रकारचे असतात. पहिला पत्र्याचा डबा. आख्खा डबा फिरवून काढायचा, फेकायचा, नवा लावायचा. बोलेरो, अल्टो आणि बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हाच असतो. दुसरा कागदी फिल्टर. तो अॅल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये बसतो आणि वरून प्लास्टिकची टोपी आवळलेली असते. फियाटच्या 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाच्या गाड्यांत, म्हणजे स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटाची व्हिस्टा यांत, हा दुसरा प्रकार आहे. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आपल्याकडे धावणाऱ्या डिझेल डिझायर आता सगळ्याच जुन्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. आधीच्या कोणी टोपी कशी आवळली, याचा आताच्या मालकाला पत्ता नसतो.

अडकण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. मागच्या वेळी रिंग कोरडी बसवली, किंवा जुनीच ठेवली, किंवा "गळायला नको" म्हणून टोपी लांब दांडा लावून आवळली. कोरडी रिंग आवळताना पिळते, गरमीने कडक होते आणि हाऊसिंगला धरून बसते. लोक दोष उन्हाला देतात. ब्रह्मपुरी-चंद्रपूरला मे महिन्यात पारा 46 च्या वर जातो हे खरं, पण कोणत्याही गावच्या गाडीत चालत्या इंजिनातलं ऑईल 90 ते 110 अंशांवर फिरत असतं. रिंग आणि प्लास्टिक कडक होतं ते या रोजच्या तापण्या-निवण्याने.

दिशा तपासा

हसण्यावारी नेऊ नका. टोपी वर तोंड करून असेल तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवली की सुटते, यात कोणाची चूक होत नाही. पण फिल्टर खाली तोंड करून असेल आणि तुम्ही बॉनेटमधून वाकून हात घातला असेल, तर वरून पाहताना दिशा उलटी होते. मग माणूस सोडवतोय असं समजून आवळत बसतो. अडकलेली म्हणून आणलेल्या काही गाड्यांत मुळात एवढंच झालेलं असतं. टोपीच्या किंवा डब्याच्या बंद तोंडासमोर आपण उभे आहोत असं मनात धरा आणि तिथून घड्याळाच्या उलट फिरवा.

साफ करा, मग कोमट करा

टोपीच्या भोवतीची खाच ब्रशने आणि डिझेल लावलेल्या फडक्याने नीट साफ करा. आपल्या रस्त्यांची धूळ आणि जिनिंगजवळून जाणाऱ्या गाड्यांत कापसाचा भुगा, दोन्ही त्या खाचेत ऑईलमध्ये भिजून घट्ट बसतात. हा कचरा आट्यांत अडकतो, आणि टोपी निघाली की सरळ हाऊसिंगमध्ये पडतो. तिथून ऑईल बेअरिंगकडे जातं. म्हणून ही साफसफाई दिसण्यासाठी नाही. डिझेल बेल्टवर आणि अल्टरनेटरवर मात्र सांडू देऊ नका.

मग पट्टी काढून ऑईलची पातळी बघा. पातळी ठीक असेल आणि ऑईल धार लागून गळत नसेल, तर इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रबर थोडं नरम पडतं, घट्ट झालेलं ऑईल पातळ होतं. लांबचा प्रवास करून आल्या-आल्या हात घालू नका. तेव्हाचं ऑईल कातडी सोलून काढतं.

गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा डबा रिकामा करून लोक येतात. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये तसला गंज नसतोच, रिंग चिकटलेली असते आणि तिच्यापर्यंत स्प्रे पोहोचत नाही. पेट्रोल किंवा थिनर तर टोपीवर अजिबात ओतू नका. गरम इंजिनाजवळ पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

पाना कोणता लावताय?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

टोपीवरचा नट प्लास्टिकचा आहे. बऱ्याच टोप्यांना 27 मिलिमीटरचा पाना लागतो, काहींना 24, 32 किंवा 36 चा. त्याला सहा कोनी गोटीच (सॉकेट) लावायची. बारा कोनी गोटी फक्त कोपऱ्यांवर धरते, सहा कोनी सपाट बाजूंवर धरते. लोखंडी नटावर हा फरक खपून जातो, प्लास्टिकवर पहिल्याच झटक्यात कोपरे उडतात. स्क्रू पाना आणि पाईप पाना तर या कामाला हातात घेऊच नका. एक माप मोठी गोटी "चालून जाईल" म्हणून लावली की नट गेलाच समजा.

माप बरोबर असलं तरी गोटी पूर्ण खाली बसली पाहिजे. नटाच्या बुडाशी चिखल साचलेला असतो आणि गोटी अर्धीच बसते, ती बोटाने चाचपून पहा. एक तळहात गोटीच्या डोक्यावर ठेवून सरळ खाली दाबा, दुसऱ्या हाताने दांडा ओढा. झटके देऊ नका, जोर हळूहळू वाढवत न्या. दांडा तिरपा झाला की गोटी एका बाजूने उचलते आणि कोपरा खाते. जागा अडचणीची असेल तर छोटं एक्स्टेन्शन लावा. खूप लांब लावलंत तर ते वाकतं.

काही गाड्यांच्या टोपीला नट नसतो, कडेला खाचा असतात. त्याला वाटीसारखा पाना येतो. तो व्यासाने आणि खाचांच्या संख्येने तंतोतंत जुळायला हवा. जवळपासचा नको.

योग्य पाना लावूनही हलत नसेल तर दांडा आधी अगदी थोडा आवळायच्या दिशेने दाबा, मग सोडवा. चिकटलेली रिंग अशाने सुटते. टोपीच्या कडेवर रबरी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके द्या. लोखंडी हातोडी नको.

हाऊसिंग गरम करणं

तरीही नाही निघाली तर गरम करायचं, पण टोपी नाही, तिच्या भोवतीचं अॅल्युमिनियमचं हाऊसिंग. उकळत्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, हाऊसिंगभोवती गुंडाळा. दोन-तीनदा बदला. केस वाळवायचं मशीन असेल तर तेही चालतं. धातू लवकर गरम होऊन थोडा पसरतो, आतलं प्लास्टिक तेवढं तापायच्या आधी पाना लावा. ब्लो लॅम्प किंवा गॅसची ज्योत इथे नको, कोणी काहीही सांगो. बाजूला डिझेलचे पाईप आणि वायरिंग असतं आणि सगळं ऑईलने माखलेलं असतं.

इथपर्यंत बहुतेक टोप्या निघतात. घरी काम करणाऱ्याला इथपर्यंतच जा, असं मी सांगतो. याच्यापुढे टोपी मोडणार असं गृहीत धरून काम करावं लागतं, म्हणून आधी नवी टोपी आणि रिंग आणून ठेवा. आपल्याकडे हा माल तालुक्याला मिळेलच असं नाही. यवतमाळ किंवा नागपूरहून एसटी पार्सलने नाहीतर ट्रॅव्हल्सने मागवावा लागतो. तोपर्यंत जुनी टोपी मोडून गाडी उघडी ठेवली, तर आत धूळ जाते आणि कामधंदा बुडतो तो वेगळाच.

नट गोल झाला असेल तर

"भाऊ, पाना फिरून राहिला पण टोपी काही हलून नाही राहिली," असं सांगत गाडी आली की आधी एक माप लहान सहा कोनी गोटी घेतो. 27 चा नट गोल झाला असेल तर 26 ची. रबरी हातोडीने ती हळूहळू झिजलेल्या नटावर ठोकून बसवायची. ती प्लास्टिक कापत आत जाते आणि नवी पकड घेते. हा प्रयोग एकदाच होतो. सुटली तर सुटली, पुन्हा सटकली तर पकडायला काही उरत नाही. टोपीची कड बाहेर दिसत असेल तर पट्टा पाना लावता येतो, आणि बऱ्याचदा दोन्ही एकदम लावले की सुटते.

पत्र्याचा डबा असेल तर काम सोपं आहे. डबा तेलकट असतो म्हणून हात घसरतो. तो आधी पुसून कोरडा करा आणि भोवती पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत ठेवून गुंडाळून हाताने फिरवून पहा. नाही झालं तर पट्टा पाना लावा, तोही डब्याच्या बुडाशी, इंजिनाकडच्या बाजूला. तिथे पत्रा दुमडलेला असतो म्हणून मजबूत असतो, मध्यभागी लावला तर डबा चेपतो. पट्टा पाना नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी डब्याला दोन वेढे देऊन दांड्यात पिळली तरी बरंच काम होतं. डब्यात पेचकस आरपार ठोकून फिरवायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. ती टाळा. पत्रा पातळ असतो, पेचकस त्याला फाडत जातो, आणि शेवटी डबा हातात आणि तळाची चकती इंजिनावर, अशी गत होते. ती चकती छन्नीने काढणं अनुभवी हाताचं काम आहे.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, विशेषतः पावसानंतर. खाली जाड फळी टाका आणि बाजूला पक्के स्टँड लावा.

इथे हात थांबवा

टोपी फिरते पण वर येत नाही, म्हणजे आटे गेलेत. प्लास्टिकचे गेले असतील तर टोपीवर भागतं, हाऊसिंगचे गेले असतील तर नाही. पेचकसाने कडेला टेकू देऊन टोपी उचकटायला जाल तर अॅल्युमिनियमची कड फुटते. थांबा.

जोर लावताना टोपीऐवजी आख्खं हाऊसिंग हललं, किंवा "कट्" असा आवाज आला, तरी थांबा. बऱ्याच डिझेल इंजिनांत या हाऊसिंगलाच ऑईल कूलर जोडलेला असतो आणि त्यातून कूलंट फिरतं. तिथे चीर गेली तर ऑईल आणि कूलंट एकमेकांत मिसळू शकतात. कूलंटच्या बाटलीत तेलकट तवंग दिसला तर गाडी सुरूच करू नका.

टोपीचा वरचा भाग तुटून आट्यांची कडी आत राहिली, तर तीही काढता येते, पण ते मेकॅनिककडेच करून घ्या. आम्ही आधी फिल्टर काढतो, ऑईलची भोकं स्वच्छ फडक्याने बंद करतो, मग हॅक्सॉच्या पात्याने ती कडी आतून दोन जागी कापतो. पातं अॅल्युमिनियमच्या आट्यांना लागायच्या आधी थांबायचं आणि उरलेलं प्लास्टिक आत दुमडून काढायचं. पातं थोडं जास्त गेलं की आटा कापला जातो आणि तिथून कायमचं गळतं. प्लास्टिकचा तुकडा आत पडला तर चुंबकाने तो निघत नाही.

आणि चिरलेल्या हाऊसिंगला किंवा टोपीला एम-सील, अॅराल्डाइट लावून गाडी चालवू नका. टायरमध्ये 32 पीएसआय हवा भरतो, म्हणजे साधारण 2.2 बार. थंड इंजिन सुरू केलं की ऑईलचा दाब 4 बारच्या आसपास जाऊ शकतो, तेही गरम होत जाणाऱ्या तेलकट धातूवर. लेप हायवेवर सुटला तर ऑईल गरम सायलेन्सरवर उडतं, आणि ऑईलचा दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं नुकसान झालेलं असतं.

मेकॅनिककडे गेलात की काय काय करून पाहिलं ते सगळं सांगा. कोणती गोटी लावली, किती जोर दिला, आत काही पडलं का. यात लाजण्यासारखं काही नाही. आम्हाला कळलं तर चुकीच्या ठिकाणी जोर लावला जात नाही.

बसवताना

जुनी रिंग लाकडाच्या काडीने काढा. पेचकसाने खाच ओरखडली जाते आणि त्या ओरखड्यातून ऑईल झिरपतं. डब्याचा फिल्टर असेल तर इंजिनाच्या तोंडावर जुनी रिंग चिकटून राहिली नाही ना, ते हात फिरवून पहा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गाडी सुरू होताच सगळं ऑईल जमिनीवर येतं.

टोपीवर एकापेक्षा जास्त खाचा असतील तर जुनी रिंग कोणत्या खाचेत होती ते काढतानाच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. चुकीच्या खाचेतली रिंग आट्यात कापली जाते. काही टोप्यांना आतल्या दांड्याच्या टोकाशी दुसरी लहान रिंग असते, ती पुष्कळ जण विसरतात. नवी रिंग ताज्या इंजिन ऑईलने बोटाने चोळून ओली करा. ग्रीस नको. टोपी हाताने फिरवत बसवा. पहिले दोन-तीन आटे हाताने सहज गेले पाहिजेत. अडलं तर मागे घ्या आणि पुन्हा सुरू करा.

किती आवळायचं ते पुष्कळदा टोपीवरच कोरलेलं असतं. बऱ्याच प्लास्टिकच्या टोप्यांना 25 न्यूटन मीटर चालतं. टॉर्क पाना सगळ्यांकडे नसतो, पण कापूस मोजायचा ताणकाटा आपल्याकडे घरोघरी आहे. गोटीच्या मध्यापासून दांड्यावर बरोबर 25 सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काट्याचा हुक अडकवा, दांड्याला काटकोनात ओढा. काटा 10 किलोवर आला की झाले साधारण 25 न्यूटन मीटर. एकदा हे करून पाहिलं की लोकांना धक्का बसतो, कारण हाताने ते याच्या दुप्पट-तिप्पट आवळत असतात. पत्र्याचा डबा असेल तर रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापलं असेल तेवढा. त्याला पाना लावायचाच नाही.

ऑईल भरा, इंजिन सुरू करा. फिल्टर रिकामा असल्याने ऑईलचा दिवा दोन-चार सेकंद जळतो, तेवढं चालतं. पाच सेकंदांच्या वर राहिला तर लगेच बंद करा. एक मिनिट चालवून टोपीच्या कडेला टॉर्च मारून पहा. बंद करून पाच मिनिटांनी पट्टी बघा आणि कमी असेल तेवढं ऑईल घाला. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर थेंब दिसला, तर टोपी अजून आवळू नका. ती काढून रिंग कुठे पिळली किंवा कापली आहे ते बघा आणि दुसरी नवी रिंग ओली करून लावा.